रिकामी दिसणारी जागा: शहर आणि बेघर माणसं टिपताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दोन वर्षं मी पुलांखालच्या, भिंतींलगतच्या, बांधकाम रखडलेल्या जागांचे फोटो काढतो आहे. माणसं मुद्दाम टाळली, कारण बेघर माणसांचे फोटो म्हणजे त्यांच्या हलाखीचा बाजार मांडणं, असं मला वाटतं. तरी पथाऱ्या आणि बोचकी फ्रेममध्ये येतातच. माणूस दिसत नसेल तर परवानगीचा प्रश्न येत नाही, हे बरोबर ना? दोन फोटोंत एक माणूस झोपलेला आहे, ते ठेवावेत का? आणि हे काम नुसती शहराची देखणी दृश्यं न राहता त्यातून काही उभं राहावं, यासाठी काय करू?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. माणूस फ्रेममध्ये नाही म्हणून परवानगीचा प्रश्न सुटत नाही. मीही कित्येक वर्षं हेच धरून चाललो होतो.

एका उड्डाणपुलाचा उतार जिथे जमिनीला टेकतो, त्या निमुळत्या सांदीत एक बिऱ्हाड होतं. पुठ्ठ्यांचे तीन थर, वर ताडपत्री, उशाशी दोरीने आवळलेली वळकटी. पुलावरचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपला तारेने बांधलेला तळहाताएवढा आरसा, आणि त्याखाली विटेवर साबणाची झिजलेली वडी. सकाळी तिरपं ऊन आत शिरायचं आणि आरशातून उजेडाचा चौकोन समोरच्या खांबावर पडायचा. मी लागोपाठ तीन सकाळी तो फोटो काढला. तिथे कुणी नसायचं आणि मला ते सोयीचं वाटायचं. चौथ्या दिवशी तो माणूस होता. मी उत्साहाने त्याला फोटो दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "मी नसताना घरात आलात." आवाज चढवला नाही, एवढंच बोलला आणि आरसा पुसायला लागला.

त्या दिवसापासून माझी कामाची पद्धत बदलली. ज्याला आपण 'मोकळी पडलेली जागा' म्हणतो तिला दार नसतं, पण उंबरठा असतो. पुठ्ठ्याच्या कडेला जोडीने काढून ठेवलेले बूट दिसले की उंबरठा तिथे आहे. झाडून काढलेल्या आणि न झाडलेल्या जमिनीमधली रेघ दिसली की तिथे आहे. या रेघेच्या बाहेर उभं राहून, रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही दिसेल तेवढंच टिपायला माझी हरकत नाही. आत पाय टाकायचा, वस्तूंच्या जवळ कॅमेरा न्यायचा, तर ज्याची जागा आहे तो भेटेपर्यंत थांबायचं. सार्वजनिक ठिकाणी फोटो काढायला बऱ्याच देशांत कायदा मुभा देतो, हे मला ठाऊक आहे. पण भिंतींआड राहणाऱ्याला जी आड मिळते ती या माणसाला कुठेच मिळत नाही, म्हणून ती आपण जपायची.

तरीही माणसांऐवजी जागेकडे बघण्याची तुमची मूळ कल्पना मला मोलाची वाटते. ती सोडू नका. तिला आधीची वाटही आहे. अँथनी हर्नांडेझ यांनी 1988 पासून लॉस एंजेलिसमध्ये महामार्गांखालच्या आणि उतारांवरच्या अशाच जागा रंगीत फिल्मवर टिपल्या. माणूस एकही नाही, पण दाबून बसवलेली अंथरुणं, अडकवलेले कपडे, आडोशाला लावलेल्या फळ्या इतक्या जवळून येतात की तिथे झोपणाऱ्याची उंचीसुद्धा कळावी. त्याच्याही आधी, 1974-75 मध्ये, मार्था रॉसलर यांनी न्यूयॉर्कच्या, बेघर आणि दारूत बुडालेल्या माणसांसाठी ओळखल्या जाणाऱ्या बोअरी भागातल्या बंद दुकानांच्या पायऱ्या आणि त्यांवरच्या रिकाम्या बाटल्या टिपल्या आणि शेजारी दारूच्या नशेला लोक वापरतात त्या शब्दांच्या याद्या लावल्या. त्या रस्त्यावरच्या माणसांचे फोटो तोवर अगणित निघाले होते, आणखी एक काढायला त्यांनी नकार दिला.

पण मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते मार्गरेट मॉर्टन यांचं काम. 1989 च्या सुमारास त्यांनी न्यूयॉर्कमधल्या बेघरांनी स्वतःच्या हाताने उभारलेले आडोसे टिपायला सुरुवात केली, पुढे अनेक वर्षं त्याच माणसांकडे त्या जात राहिल्या आणि फोटोंच्या जोडीला त्यांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत छापलं. तिथे फोटोतली प्रत्येक फळी कुणी तरी विचार करून लावलेली आहे हे कळतं. तुमच्या कामात मला याची उणीव जाणवेल असं वाटतं. पथारी दिसते, पण ती तिथेच का, हे दिसत नाही.

हा 'तिथेच का' फार मोठा विषय आहे. झोपायची जागा कुणी उगाच निवडत नाही. वारा कुठून येतो, पाऊस कोणत्या बाजूने झोडपतो, रात्रभर दिवा चालू असतो का, पहाटे पहिला माणूस किती वाजता येऊन उठवतो, जवळ पाणी कुठे आहे, शौचालय कधी उघडतं, हे सगळं हिशेबात धरलेलं असतं. थंडी असेल तिथे इमारतीतून गरम हवा बाहेर टाकणाऱ्या जाळीजवळची जागा धरली जाते. एकट्या बायका पुष्कळदा अंधाऱ्या कोपऱ्यापेक्षा उजेडातली, वर्दळीची, झोप नीट न लागणारी जागा पसंत करतात, कारण तिथे कुणाचं तरी लक्ष असतं. पायऱ्या असलेलं एखादं पोर्च तुम्हाला रेखीव दिसतं, पण तिथे झोपणाऱ्याच्या लेखी ती वळचण असते.

आणि शहर त्याला उत्तर देत असतं, तेही टिपा. बाकाच्या मधोमध बसवलेला लोखंडी हात, आडवं होता येऊ नये म्हणून. खिडकीखालच्या कट्ट्याला दिलेला उतार. पुलाखाली सिमेंटमध्ये रोवलेले टोकदार दगड. भिंतीच्या बुडाशी खिळे. रात्री ठरावीक वेळी सुरू होणारे पाण्याचे फवारे. या गोष्टी नगररचनेत इतक्या बेमालूम मिसळलेल्या असतात की रोज जाणाऱ्याला दिसत नाहीत. तुमच्याकडे शहराच्या दृश्याची नजर आहे. तुम्ही एक पथारी आणि तिथून शंभर पावलांवरचा तो बाक असे शेजारी ठेवलेत, तर ओळखीचं शहर वेगळं दिसायला लागेल, आणि त्यासाठी कुणाचा चेहरा वापरावा लागणार नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. रस्त्यावर दिसणारा माणूस म्हणजे बेघरपणाचा एक तुकडा. बेघरांसाठी काम करणाऱ्या युरोपातल्या संस्थांच्या फेआन्टसा या महासंघाने 2005 मध्ये जी वर्गवारी मांडली तिच्यात चार गट आहेत: ज्यांच्या डोक्यावर छप्परच नाही ते, छप्पर आहे पण घर नाही असे, उदाहरणार्थ निवारागृहात राहणारे, ज्यांचं घर कधीही जाऊ शकतं ते, आणि राहण्याजोग्या नसलेल्या घरात राहणारे. तुमचा कॅमेरा बहुतेक पहिल्या गटापाशीच थांबेल. तेव्हा कामाला नाव देताना 'शहरातले बेघर' असा मोठा दावा नको. जे टिपलंत तेवढंच नाव द्या.

आता ज्या बाबतीत माझा जीव अडकलेला आहे ती गोष्ट. जागेचे फोटो निरुपद्रवी असतात हा आपला गैरसमज आहे. इतिहास उलट सांगतो. ग्लासगोमधल्या दाट वस्तीच्या गल्ल्यांचे थॉमस अॅनन यांनी 1868 ते 1871 या काळात काढलेले फोटो आज आपण हळुवारपणे बघतो. ते ज्या शहर सुधारणा मंडळासाठी काढले गेले, तेच मंडळ त्या गल्ल्या पाडणार होतं. न्यूयॉर्कचे पत्रकार-छायाचित्रकार जेकब रीस हे तर स्वतः तरुणपणी रस्त्यावर आलेले, पोलीस ठाण्यातल्या रात्रनिवाऱ्यात झोपलेले. गरीब वस्त्यांवरचं त्यांचं पुस्तक 1890 मध्ये आलं. त्यांनी ज्या मल्बेरी बेंड वस्तीविरुद्ध मोहीम चालवली ती पाडून 1897 मध्ये तिथे उद्यान झालं. पोलीस ठाण्यांतले ते घाणेरडे रात्रनिवारेही त्यांच्याच प्रयत्नाने 1896 मध्ये बंद झाले. ते भयंकर होते यात शंका नाही. पण त्या रात्री तिथे झोपायला आलेल्याला पुढे कुठे जायचं हा प्रश्न उरलाच. रीस अंधाऱ्या खोल्यांत मॅग्नेशियमची भुकटी पेटवून फोटो काढत. आंधळ्या भिकाऱ्यांचा असा फोटो घेताना खोलीला आग लागली होती, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. हेतू चांगला असूनही आपला उजेड दुसऱ्याच्या घरात काय करू शकतो, हे मला त्या प्रसंगात दिसतं.

माझ्या हातूनही असं घडलं आहे. एका जागेचा फोटो मी प्रदर्शनात लावला होता आणि इंटरनेटवरही टाकला होता. मागे एका इमारतीवरची पाटी स्पष्ट वाचता येत होती. महिन्याभरात तिथे जाळी ठोकली गेली, तीन माणसांचं चंबूगबाळं उचललं गेलं. माझ्या फोटोमुळेच झालं असं मी सिद्ध करू शकत नाही, आणि झालं नाही असंही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. तेव्हापासूनचे माझे नियम कडक आहेत. कॅमेऱ्यातलं जीपीएस बंद. फोनवरून काढला असेल तर बाहेर देण्याआधी फाइलमधली स्थळाची नोंद पुसायची. पाट्या, खांबांवरचे क्रमांक, ओळखू येणारी शिखरं फ्रेममध्ये असतील तर उभं राहण्याची जागा बदलायची. कॅप्शनमध्ये परिसराचं नाव फार तर मोघम. आणि तिथे कुणी राहत असेतोवर काही फोटो बाहेर काढायचेच नाहीत. मुद्रित पुस्तकासाठी दोन-तीन वर्षं थांबणं जमतं. सोशल मीडियावर संध्याकाळपर्यंतही थांबवत नाही, म्हणून तिथे मी हे काम टाकत नाही.

परवानगी ही एकदा मागून संपणारी गोष्ट नाही. मी ती तीनदा घेतो: फोटो काढताना, छापील फोटो हातात दिल्यावर, आणि कुठे दाखवण्याआधी. दुसऱ्या वेळी नकार सगळ्यांत जास्त येतो, कारण माणसाला आपण जगाला कसे दिसणार ते तेव्हा पहिल्यांदा कळतं. आलेला नकार मुकाट्याने मानायचा, कारण विचारायचं नाही. नशेत असलेल्याचा किंवा भान हरपलेल्याचा होकार हा होकार नव्हे. लहान मुलांचे चेहरे मी घेत नाही. घरातल्या मारहाणीतून पळून आलेल्या बाईचा चेहरा छापला तर तिला शोधणाऱ्याला पत्ता दिल्यासारखं होतं, आणि कोण कशातून पळून आलंय हे आपल्याला वरून दिसत नाही.

पैसे द्यावेत का, यावर आमच्या धंद्यात भांडणं आहेत. माझं मत असं: फोटोच्या बदल्यात पैसे नकोत, कारण मग गरजू माणसाला 'नाही' म्हणणं परवडत नाही. पण कुणाचा अर्धा दिवस मी घेतला, त्याने मला जागा दाखवत फिरवलं, तर त्याच्या वेळेचे पैसे देतो आणि तसं आधी सांगतो. फोटो विकला गेला तर वाटाही ठरवून ठेवतो.

छापील प्रत मात्र हमखास द्यायची. दाऊद बे यांनी 1988 ते 1991 या काळात रस्त्यात भेटलेली माणसं मोठ्या कॅमेऱ्याने टिपली, तेव्हा पोलरॉइडची 55 क्रमांकाची फिल्म वापरली. तिच्यात प्रत आणि निगेटिव्ह दोन्ही मिळतं. प्रत जागच्या जागी त्या माणसाला, निगेटिव्ह स्वतःकडे. ही देवघेव मला फार सरळ वाटते. तुम्ही प्रत द्याल तेव्हा ती ठेवणार कुठे याचा विचार करा, कारण भिंत नाही. खिशात मावेल एवढी, प्लास्टिकचा थर असलेल्या आरसी कागदावर छापलेली, बंद होणाऱ्या पिशवीत घालून. मोठी फ्रेम देणं म्हणजे त्याच्या ओझ्यात भर.

तंत्राबद्दल थोडं, कारण त्यातही नीती असते. दूरचं जवळ आणणारी लांब लेन्स घरी ठेवा. रस्त्यापलीकडून 200 मिलिमीटरने काढलेला फोटो कितीही हळवा असला तरी चोरून घेतल्यासारखाच दिसतो. 28 किंवा 35 मिलिमीटर पुरेशी आहे. तिच्यात जागा येते आणि जवळ जायचं तर बोलावं लागतं. कॉन्ट्रास्ट ताणून सुरकुत्या आणि मळ ठळक करू नका. सावल्यांत तपशील राहू द्या. काळ्याकुट्ट सावलीत नाट्य येतं खरं, पण विटेवरची साबणाची वडी त्यात बुडून जाते. रात्री जुने सोडियमचे दिवे असतील तर जवळजवळ पिवळा प्रकाशच असतो, बाकीचे रंग त्यात फारच कमी असतात, म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, फिरवूनही निळं ब्लँकेट नीट निळं होणार नाही. तो पिवळेपणा तसाच ठेवा, तिथे झोपणाऱ्याला तो रात्रभर तसाच दिसतो. एलइडी दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटर वापरलंत तर आडवे पट्टे येऊ शकतात. वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असेल तिथे शटरची गती 1/50 किंवा 1/100 सेकंद, 60 चा असेल तिथे 1/60 किंवा 1/120, आणि मेकॅनिकल शटर. फ्लॅश कधीच नाही. रीसच्या आगीबद्दल वर लिहिलंच आहे.

कॅमेऱ्याच्या उंचीचा विचार कुणी करत नाही. उभ्या माणसाच्या डोळ्यांतून काढलेला पथारीचा प्रत्येक फोटो नाइलाजाने वरून खाली बघतो. आरशावाल्या माणसाशी पुढे ओळख वाढली तेव्हा मी त्याला विचारलं, तुमच्या जागेचा कोणता फोटो काढू? तो म्हणाला, "झोपल्यावर काय दिसतं ते काढा." मी ट्रायपॉड बाजूला ठेवला आणि त्याच्या परवानगीने कॅमेरा त्याच्या उशीच्या जागी, वीतभर उंचीवर टेकवला. वर पुलाच्या दोन तुळयांमधली फट, तिच्यातून आभाळाची बोटभर पट्टी, सांध्यातून झिरपून पांढरे पडलेले ओघळ, आणि उजवीकडे गाड्यांची फक्त चाकं. मी त्या पुलाचे शेकडो फोटो काढले होते, त्यांतल्या एकातही हा पूल नव्हता.

मग वेळ. तुमची दोन वर्षं ही सुरुवात समजा. कमिलो होसे व्हेर्गारा यांनी 1970 च्या दशकापासून अमेरिकी शहरांतल्या पडक्या भागांत तीच ठिकाणं पुन्हा पुन्हा, दशकानुदशकं टिपली आणि एकाच कोपऱ्याची रांग लावली की घर, कुलूप, पडझड, मोकळा भूखंड असा अख्खा बदल उलगडतो. तुम्ही आठ-दहा जागा पक्क्या करा. कुठे उभे होतात, कॅमेरा किती उंचीवर, कोणती लेन्स, कोणती वेळ, हे वहीत लिहा आणि दर तीन महिन्यांनी त्याच जागी जा. पथारी हलेल, जाळी येईल, दगड रोवले जातील, कधी दुसरंच कुणी राहायला येईल. हे एका भेटीत टिपता येत नाही.

वहीत माणसांबद्दल काय लिहिता, याला तर फोटोइतकंच महत्त्व आहे. डोरोथिया लँग यांनी 1936 च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत एका आईचा फोटो काढला. तो जगभर गेला. लँग यांनी तिचं नाव विचारलं नव्हतं. खाण्यासाठी त्या कुटुंबाने गाडीचे टायर विकले, असं त्यांनी लिहिलं. ते खरं नाही, असं त्या कुटुंबाचं म्हणणं होतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव जगाला कळलं 1978 मध्ये, म्हणजे 42 वर्षांनी, आणि या फोटोतून आपल्याला काहीच मिळालं नाही, ही तिची खंत होती. लँगसारख्या मनापासून काम करणाऱ्या बाईच्या हातून हे घडलं, म्हणून मी हे उदाहरण विसरत नाही. तेव्हा त्याच संध्याकाळी लिहून काढा: काय पाहिलंत, काय ऐकलंत, आणि अंदाज कोणता. अंदाज छापू नका. "तुमच्याबद्दल काय लिहू?" असं सरळ विचारा. मला आजवर फार कमी जणांनी 'बेघर' हा शब्द सांगितला आहे. "इथे राहतो, असं लिहा," हे उत्तर सगळ्यांत जास्त वेळा मिळालं. 'निराधार', 'अदृश्य', 'विसरलेले' अशी शीर्षकं मी म्हणूनच टाळतो.

राहिले तुमचे ते दोन फोटो. झोपलेला माणूस ना होकार देऊ शकतो, ना तोंड फिरवू शकतो. त्यात उघड्यावर झोपणाऱ्याची झोप ही एवढीच वेळ असते जेव्हा तो स्वतःची राखण करू शकत नाही. तरीही ते लगेच पुसून टाकू नका. त्यांच्या लहान प्रती काढा, पिशवीत घाला आणि दिवसाउजेडी त्या जागी जा. कॅमेरा गळ्यात नको. तो भेटला तर प्रती त्याला द्या, कधी काढल्या ते सांगा, आणि त्या ठेवायच्या की पुसायच्या हे त्याला ठरवू द्या. पुसा म्हणाला तर त्याच्यासमोर पुसा आणि घरच्या प्रतीही त्याच दिवशी काढून टाका. दोन-चार खेपा घालूनही भेटला नाही तर ते फोटो कुठेही दाखवू नका. भेटला आणि बोलला, तर त्याची जागा त्याने तिथेच का धरली ते विचारा. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा तोच नीट देईल.